दाभोळची केस कोणाच्या बाजूने वाचायची?

३ ऑगस्ट १९९५ रोजी मनोहर जोशींच्या सरकारने एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प रद्द केला. पुढच्याच वर्षी हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यावर केस स्टडी, म्हणजे वर्गात चर्चा करायला लिहिलेली खऱ्या प्रसंगाची हकिकत, तयार केली. इकडे प्रकल्पाच्या गुहागर तालुक्यात आंदोलनं चालू होती, वर्तमानपत्रांत युनिटच्या दराचे हिशेब रोज नव्याने मांडले जात होते. तिकडे बोस्टनच्या वर्गासाठी तयार झालेला प्रश्न साधारण असा होता: सरकारने प्रकल्प रद्द केलाय, आता एन्रॉनने काय करायचं?

प्रश्न रास्त आहे. कंपनीचे पैसे अडकले होते, लंडनमध्ये लवादाची नोटीस दिलेली होती, आणि वाटाघाटी पुन्हा सुरू करायच्या तर कोणाला भेटायचं, किती सोडायचं, हे खरंच ठरवायचं होतं. पण त्याच तारखेला, त्याच करारावर दुसऱ्या बाजूला बसलेलं कोणीतरी होतं. ही वीज विकत घेणाऱ्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने काय करायचं? हा प्रश्न तितकाच अवघड होता, त्यात पैसे तितकेच होते, आणि ते आपले होते. तरीही व्यवस्थापनाच्या वर्गात दाभोळ शिकवलं गेलं ते मुख्यतः परदेशी गुंतवणूकदाराच्या अडचणीचं उदाहरण म्हणून. धड्याचं नाव ‘राजकीय जोखीम’.

व्यवस्थापन शिक्षणातल्या केस पद्धतीबद्दल माझी तक्रार आहे ती एवढ्या एका गोष्टीची. ही पद्धत विद्यार्थ्याला निर्णय घ्यायला शिकवते हे मान्य. पण तो निर्णय जवळजवळ नेहमी कंपनीच्या वरिष्ठाच्या खुर्चीत बसूनच घ्यायचा असतो, आणि एकदा खुर्ची ठरली की काय ‘माहिती’ आणि काय ‘अडथळा’ हेही आपोआप ठरून जातं. १९९५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या मतदारांनी सरकार बदललं. दाभोळ हा त्या निवडणुकीतला एक मोठा मुद्दा होता. खेळीमेळीने म्हणा किंवा चिडून, पण लोकशाहीत हे असंच चालतं. एन्रॉनच्या खुर्चीतून मात्र तीच घटना वादळासारखी, भूकंपासारखी दिसते: बाहेरून आलेली, विमा उतरवून ठेवण्याजोगी.

गंमत म्हणजे ही पद्धत जिथून आली तिथे दोन खुर्च्या होत्या. १८७० च्या दशकात हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये ख्रिस्तोफर लँगडेल यांनी पाठ्यपुस्तकाऐवजी न्यायालयाचे निकाल वाचायला लावून कायदा शिकवायला सुरुवात केली. १९०८ साली स्थापन झालेल्या बिझनेस स्कूलचे वॉलेस डोनम १९१९ मध्ये डीन झाले. ते स्वतः त्याच लॉ स्कूलचे. त्यांनी ही कल्पना धंद्याच्या शिक्षणात आणली, आणि १९२१ मध्ये ‘जनरल शू कंपनी’ ही पहिली केस लिहिली गेली. पण न्यायालयाच्या निकालात वादी असतो, प्रतिवादी असतो, दोघांचे पुरावे असतात, आणि कधी कधी एखाद्या न्यायाधीशाचं वेगळं मत शेवटी जोडलेलं असतं. विद्यार्थी ज्या बाजूने वाचायला बसेल त्या बाजूला कागद सापडतात. बुटांच्या कंपनीच्या केसमध्ये कंपनी आहे, तिचा व्यवस्थापक आहे, त्याची अडचण आहे. समोरचा पक्षच नाही. त्या वेळी कदाचित गरजही नव्हती. कारखान्यातला एक अंतर्गत प्रश्न होता. पण तोच साचा पुढे वीज, पाणी, औषधं, खाणी, विमानतळ अशा सगळ्यांना लावला गेला, जिथे समोरचा पक्ष म्हणजे अख्खं राज्य असतं.

यामागे एक अगदी व्यवहारी कारणही आहे. कंपनीच्या आत जाऊन, अधिकाऱ्यांना भेटून लिहिलेली केस प्रसिद्ध करायची तर कंपनीची संमती लागते. संमती नाही तर केस नाही. हार्वर्ड आपल्या केसवर छापतं की ही कंपनीची भलावण नाही, मूळ माहितीचा स्रोत नाही, आणि चांगल्या किंवा वाईट व्यवस्थापनाचा नमुनाही नाही. फक्त वर्गातल्या चर्चेसाठी आहे. ही सूचना प्रामाणिक आहे. पण आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयात ती केस झेरॉक्सच्या तिसऱ्या पिढीत पोचते तेव्हा ती तळटीप कोणी वाचत नाही. तिथे ‘हार्वर्डची केस’ एवढंच पुरतं.

आता दाभोळ मंडळाच्या बाजूने वाचून बघू. हे जरा सविस्तर करायला हवं, कारण व्यवस्थापनाचा विषय म्हणून ही बाजू जास्त कसदार आहे.

जून १९९२ मध्ये एन्रॉनचं पथक मुंबईत आलं आणि काही दिवसांतच, २० जूनला, मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा नव्हती. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. क्षमता २,०१५ मेगावॅट, दोन टप्प्यांत. करारातली कळीची अट अशी की संयंत्र ९० टक्के वेळ उपलब्ध असलं तर क्षमतेचा आकार, म्हणजे संयंत्र तयार ठेवल्याचे पैसे, मंडळाने भरायचा, वीज उचलली तरी आणि नाही उचलली तरी. दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. इंधनाच्या किमतीचा चढउतार ग्राहकाच्या माथी. वर राज्य सरकारची हमी, आणि तिच्यावर १९९४ मध्ये केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्राने द्यायचे.

हे वाचून लगेच ‘भ्रष्टाचार’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि आपण बहुतेक जण तसंच करतो. पण मंडळाच्या खुर्चीत बसलेल्याला १९९३ साली काय दिसत होतं? संध्याकाळी विजेचा तुटवडा. केंद्राची तिजोरी १९९१ च्या संकटातून नुकती सावरलेली, स्वतःच्या पैशांतून केंद्रं उभारण्याची ताकद संपलेली. दिल्लीचं धोरण स्पष्ट: खासगी वीज आणा, परदेशी आणा, लवकर आणा. समोर एक अमेरिकन कंपनी, जी सांगतेय की आम्ही उभारून देतो, तुम्ही फक्त वीज घ्या. नाही म्हणणारा अधिकारी विकासाच्या आड आला असता. हो म्हणणाऱ्याला पुढच्या वीस वर्षांची मागणी, डॉलरचा भाव आणि इंधनाची किंमत यांचा अंदाज बांधायचा होता. विद्यार्थ्याने घाम गाळावा असा प्रश्न हाच नाही का?

आणि इशारे नव्हते असंही नाही. जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. तिचा मुद्दा तांत्रिक आणि स्वच्छ होता: राज्याला चोवीस तासांची इतकी वीज लागत नाही, तुटवडा ठराविक तासांचा आहे, आणि आयात वायूची वीज कोळशाच्या विजेपेक्षा महाग पडेल. म्हणजे रात्री मागणी उतरली की मंडळाने चंद्रपूर-कोराडीसारखी स्वतःची स्वस्त वीज कमी करायची आणि दाभोळची महाग वीज चालू ठेवायची, नाहीतर न घेतलेल्या विजेचे पैसे भरायचे. पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटानेही पुढे करारातल्या आकड्यांची फोड करून हेच दाखवलं होतं. हाताशी संगणक आणि करारातली सूत्रं एवढंच भांडवल असलेल्या थोड्या अभियंत्यांनी हे केलं. माझ्या मते महाराष्ट्रातलं ते व्यवस्थापनशास्त्राचं उत्तम काम आहे, आणि ते कुठल्याही व्यवस्थापन संस्थेत झालेलं नाही.

पुढचं अनेकांना आठवत असेल. प्रकल्प रद्द झाला, एन्रॉनच्या रिबेका मार्क मुंबईला येऊन बाळासाहेब ठाकऱ्यांना भेटल्या, आणि जानेवारी १९९६ पर्यंत युती सरकारनेच नवा समझोता स्वीकारला. क्षमता कमी झाली नाही, उलट २,१८४ मेगावॅट झाली. मे १९९६ मध्ये अवघ्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने, संसदेत बहुमत सिद्ध होण्याआधी, प्रतिहमीला नव्याने मंजुरी दिली. (तेरा दिवसांत काय काय करता येतं याची यादी कधीतरी कोणी करायला हवी.) मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. तेलाचे भाव चढले, रुपया १९९३ च्या साधारण ३१ वरून ४६ च्या पुढे गेला, मंडळ वीज कमी उचलू लागलं, आणि न उचललेल्या विजेचा आकार उचललेल्या युनिटांवर बसला. काही महिन्यांत दर युनिटला सात रुपयांच्या पुढे गेला. २००१ च्या सुरुवातीला पैसे थकले, हमीचे पैसे मागितले गेले, राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने करार तपासला, आणि मे महिन्यात मंडळाने तो संपुष्टात आणला. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉननेच अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. संयंत्र काही वर्षं बंद पडून राहिलं. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापून ते ताब्यात घेतलं गेलं.

आता बघा, केस कुठे थांबवायची यावर धडा कसा बदलतो. जानेवारी १९९६ ला थांबवली तर ती चिकाटीने केलेल्या वाटाघाटींची यशोगाथा आहे. मे १९९९ ला थांबवली तर अखेर उभ्या राहिलेल्या प्रकल्पाची. डिसेंबर २००१ ला थांबवली तर सगळंच उलटं. शेवट वेगळा निघाला म्हणून केस लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही. भविष्य कोणालाच दिसत नाही. पण १९९६ पर्यंत इशारे कागदावर आलेले होते. जागतिक बँकेचा नकार, ‘प्रयास’चं विश्लेषण, वेलदूर-अंजनवेल-रानवीच्या ग्रामस्थांचे आक्षेप यांना कंपनीच्या खुर्चीतून पाहिलं तर ते ‘विरोधक’ या एका रकान्यात बसतात. मंडळाच्या खुर्चीतून पाहिलं तर पहिल्या दोन गोष्टी म्हणजे फुकटात मिळालेला सर्वोत्तम सल्ला आहे. ग्रामस्थांच्या खुर्चीबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्यावर झालेल्या पोलिसी कारवाईची नोंद ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने जानेवारी १९९९ च्या अहवालात केली, व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याच्या वाचनयादीत तो अहवाल मी आजवर पाहिलेला नाही.

कोणी म्हणेल, हार्वर्डने अमेरिकन कंपनीच्या बाजूने लिहिलं तर त्यात नवल काय? त्यांचे विद्यार्थी तिथेच नोकरीला जाणार. रिबेका मार्क आणि जेफ्री स्किलिंग, एन्रॉनचे दोन्ही बडे अधिकारी, त्याच शाळेचे. बरोबर आहे. म्हणूनच प्रश्न हार्वर्डला विचारण्यात अर्थ नाही, आपल्याला विचारायला हवा. अहमदाबादचं आयआयएम १९६१ मध्ये हार्वर्डच्या सहकार्याने उभं राहिलं आणि केस पद्धत तिथून देशभर पसरली. मुंबईचं जमनालाल बजाज १९६५ चं, स्टॅनफर्डच्या मदतीने. पद्धत घेतली हे ठीक. तिच्याबरोबर खुर्चीही घेतली, आणि ती बदलून बघावी असं साठ वर्षांत फारसं कोणाला वाटलं नाही. वर्गीज कुरियन यांना मात्र वाटलं होतं. नामांकित संस्थांतले पदवीधर सहकारी संस्थांत यायला तयार नाहीत हे पाहून त्यांनी १९७९ मध्ये आणंदला ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली.

आपल्याकडच्या साध्या एमबीए महाविद्यालयांत तर केस पद्धतीची अवस्था आणखी मजेशीर आहे. परीक्षेत दीड पानाची केस येते, कंपनीचं नाव ‘एक्सवायझेड लिमिटेड’, खाली चार प्रश्न. मुलं आधी समस्या लिहितात, मग बलस्थानं-दुर्बलता-संधी-धोके यांचा चौकोन काढतात, मग तीन पर्याय आणि एक शिफारस. चौकोन काढला की निम्मे गुण पक्के. यात निर्णय नाही, वादही नाही. इथे कुठल्या खुर्चीत बसायचं हा प्रश्न येतच नाही. सगळे उभेच असतात.

खुर्ची बदलली की काय होतं याचा एक जुना दाखला या क्षेत्रातच आहे. ब्रिटिश मोटरसायकल उद्योग का बुडाला यावर १९७५ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. त्यात होंडा म्हणजे प्रचंड उत्पादन, घटता खर्च आणि दूरदृष्टीने आखलेली रणनीती. त्यावरून केस झाली आणि वर्षानुवर्षं शिकवली गेली. मग व्यवस्थापनाचे अभ्यासक रिचर्ड पास्कल जपानला जाऊन १९५९ मध्ये लॉस एंजलिसला आलेल्या होंडाच्या माणसांशी बोलले, आणि १९८४ मध्ये त्यांनी लिहिलं ते भलतंच निघालं. मोठ्या गाड्या विकायला आले होते, त्यांची इंजिनं तेल गळू लागली, आणि स्वतःच्या कामांसाठी वापरत असलेल्या ५० सीसीच्या छोट्या गाडीबद्दल लोक विचारू लागले म्हणून नाइलाजाने ती विकली. आज या दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून शिकवता येतात. म्हणजे एकाच घटनेच्या दोन केस वर्गात आणणं अशक्य नाही, आणि त्या आणल्या की वर्ग जास्त जिवंत होतो. फक्त इथे दोन्ही बाजू कंपनीबद्दलच्याच होत्या.

गौरवाच्या केसमध्येही हेच होतं. मुंबईचे डबेवाले हे आपलं सगळ्यात लाडकं उदाहरण. १८९० पासूनची परंपरा, कोविडपूर्वी सुमारे पाच हजार माणसं, दीड-दोन लाख डबे. हार्वर्डने २०१० मध्ये त्यांच्यावर केस केली. भाषणांत हमखास येणारा ‘सिक्स सिग्मा’चा, म्हणजे जवळजवळ शून्य चुकांचा, आकडा मात्र तिच्याही आधीचा आहे. १९९८ मध्ये फोर्ब्स मासिकाच्या पत्रकाराने संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं, चूक किती वेळा होते? उत्तर आलं, क्वचित, दोन महिन्यांत एखादी. पत्रकाराने रोजचे पावणेदोन लाख डबे गुणिले दिवस असा हिशेब केला आणि ८० लाखांत एक चूक, परतीचा प्रवास धरला तर १ कोटी ६० लाखांत एक, असं लिहिलं. ‘सिक्स सिग्मा’ हा शब्द आपण वापरलाच नव्हता, फोर्ब्सने असं कुठलंही प्रमाणपत्र दिलं नव्हतं, हे त्याने नंतर स्पष्ट केलं. कोणी मोजणी केली नव्हती. बोलता बोलता दिलेल्या अंदाजाचा गुणाकार झाला होता, आणि तो जगभर फिरून प्रमाणपत्र होऊन परत आला.

डबेवाल्यांचं कौतुक खोटं आहे असं मी म्हणत नाही. रंग, अक्षरं आणि आकड्यांच्या खुणांवर हजारो डबे लोकलच्या वेळापत्रकात बसवणं ही मोठीच गोष्ट आहे. पण त्या केसमधून सगळे शिकतात ते ‘आपल्या कंपनीने यातून काय घ्यावं’ हे. डबेवाल्यांच्या गटाच्या प्रमुखाच्या, म्हणजे मुकादमाच्या, खुर्चीतला प्रश्न वेगळा असेल. महिन्याचे पैसे किती वाढवायचे? कार्यालयांत कँटीन झाली, मुलगा या धंद्यात यायला तयार नाही, तर गट कसा टिकवायचा? मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची ही माणसं गावी परतली. कार्यालयं उघडली तेव्हा बरेच ग्राहक घरूनच काम करू लागले होते. अचूकता शाबूत होती, पोचवायला डबेच नव्हते. त्या वर्षी मुकादमाला जो निर्णय घ्यायचा होता तो कुठल्याही एमबीएच्या विद्यार्थ्याला रात्रभर जागवेल असा होता.

माझ्या म्हणण्यावर एक वजनदार आक्षेप आहे. कंपनीच्या संमतीशिवाय आतली माहिती मिळत नाही, आणि आतल्या माहितीशिवाय केस म्हणजे वर्तमानपत्राची कात्रणं. खासगी कंपन्यांपुरतं हे खरं आहे. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत आता नाही. १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. त्याच्या दरनिश्चितीच्या आदेशांत वीज कंपनीची मागणी असते, तिच्यावर उद्योजकांच्या संघटना, मुंबई ग्राहक पंचायत, ‘प्रयास’, साधे ग्राहक यांच्या हरकती असतात, कंपनीचं उत्तर असतं आणि आयोगाचा कारणांसह निर्णय असतो. लँगडेलला हवे होते तसले कागद आहेत हे. मंडळाची वितरण आणि वहनातली गळती पूर्वी बरीच कमी दाखवली जात होती. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर वीज टाकली की हिशेब जुळत असे. ती खरी ३० टक्क्यांच्या घरात आहे हे आयोगापुढच्या पहिल्याच सुनावण्यांत उघडं पडलं. म्हणजे दुसऱ्या खुर्चीत बसलेला काही सोवळा नव्हता. विद्यार्थ्याने तेही पाहावं. शिवाय २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. कोणाची संमती मागण्याचं कारण उरलेलं नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. राज्याच्या पैशावर किंवा राज्याच्या विद्यापीठाच्या मान्यतेवर चालणाऱ्या व्यवस्थापन संस्थांनी ज्या प्रकरणात सार्वजनिक पैसा आहे त्याच्या दोन केस लिहाव्यात, दोन्ही बाजूंच्या, आणि अर्ध्या वर्गाला एक, अर्ध्याला दुसरी द्यावी. मंडळाचे तुकडे होऊन झालेल्या महावितरण, महापारेषण, महानिर्मितीत आज आपलेच पदवीधर बसतात. दाभोळला कर्ज देणाऱ्या आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआयच्या खुर्च्यांतही आपलीच माणसं होती. करार समोर आल्यावर कंपनीच्या बाजूने विचार करायला ती शिकली होती. समोरच्या बाजूने प्रश्न विचारण्याचा सराव त्यांना कोणी दिला?

पहिली केस दाभोळची असावी. काळ डिसेंबर १९९३. तुम्ही मंडळाच्या वित्त विभागाचे प्रमुख आहात. टेबलावर वीजखरेदी कराराचा मसुदा आहे, जागतिक बँकेच्या नकाराची प्रत आहे, दिल्लीहून फोन येतोय. सही करायची, अटी बदलून मागायच्या, की लेखी विरोध नोंदवायचा? जोडपत्रात मागणीचा तासागणिक आलेख द्यावा, म्हणजे विद्यार्थ्याला रात्रीच्या विजेचं गणित स्वतः करता येईल. भाषा मराठी असली तरी काही बिघडत नाही. शिक्षकासाठीचं टिपण लिहायला मंडळातून निवृत्त झालेले, त्या वेळी फायली हाताळलेले अभियंते आणि लेखाधिकारी अजून आहेत. बहुतेक जण सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या शैक्षणिक वर्षावर ढकलू नये.